आधी कंपाऊंडच्या भिंतीचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की कोथरूडमधली एक जुनी गल्ली, दोन्ही बाजूंच्या मिळून चौदा सोसायट्या आणि तीन उरलेसुरले बंगले, त्यातल्या पाच सोसायट्या रिडेव्हलपमेंटला निघाल्यात, आणि सगळ्यांना वाटतंय की गल्लीचं ते जुनं रूप आता जाणार. तर रहिवाशांनी मिळून गल्लीचा डिझाइन प्लॅन करता येतो का, केला तर कुणी ऐकतं का, आणि सुरुवात भिंती रंगवून करावी का. मी पंचवीसेक वर्षं अर्बन डिझाइनचंच काम करतेय, बरचसं पुण्यात, थोडं मुंबईत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. भिंती रंगवू नका. म्हणजे हौस असेल तर रंगवा, पण त्याला डिझाइन प्लॅन म्हणू नका. मी अशा किती भिंती बघितल्यात, वारलीची माणसं, झाडं लावा झाडं जगवा, एखादा मोर, आणि दोन पावसाळ्यांत मोराला पोपडे धरतात, खाली पुन्हा पिचकाऱ्या असतातच. रंगकामाच्या दिवशी सगळे येतात, फोटो निघतात, आणि लोकांना वाटतं झालं की काम! मग खरं काम राहून जातं.

खरं काम कुठलं ते कळायला एक करून बघा. डोळे मिटून आपली गल्ली आठवा. मी हे प्रत्येक पहिल्या मिटिंगमध्ये करायला लावते, आणि आजपर्यंत कुणीही बिल्डिंगचं एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजू, आठवलेलं नाही. लोकांना आठवतं ते बुचाचं झाड आणि सकाळी त्याच्या फुलांचा सडा, ज्या बुटक्या भिंतीवर बसून शाळेच्या रिक्षाची वाट बघायचे ती भिंत, गेटमधून दिसणारा कुणाचा तरी झोपाळा, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. हे सगळं कुठे असतं बघा, इमारत आणि डांबर यांच्या मधल्या आठ-दहा फुटांत. माझं सगळं म्हणणं या आठ-दहा फुटांबद्दल आहे. इमारत किती उंच होणार हे तुमच्या हातात जवळपास नाही, पण ही पट्टी बऱ्यापैकी तुमच्या हातात आहे, आणि नेमकं तिच्याकडेच कुणाचं लक्ष नसतं.

आता ही पट्टी जाते कशी ते सांगते. लोक बिल्डरला नाहीतर आर्किटेक्टला शिव्या घालतात, पण गल्ली कुरूप करायची असं ठरवून कुणीच काही केलेलं नसतं, आकडे करतात. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली (मुंबई शहर त्यात नाही, त्यांचं वेगळं आहे), त्यात रस्ता किती रुंद त्यावर एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) किती ते ठरतं. ती आली तेव्हा सहा मीटरच्या गल्लीला टीडीआर नव्हता, नऊ मीटरला होता. त्याच २०२० साली पुण्यात सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला होता आणि बराच विरोध झाला होता, आठवत असेल. आता गणित करा, सहाचे नऊ म्हणजे तीन मीटर वाढले, म्हणजे प्रत्येक बाजूने दीड मीटर, साधारण पाच फूट. त्या पाच फुटांत काय असतं? कंपाऊंडची भिंत, जास्वंद, बुचाचं झाड आणि तो बसायचा कट्टा. म्हणजे टीडीआरच्या एका आकड्यापायी, कुणाच्या मनातही नसताना, गल्लीची आठवण राहावी अशी प्रत्येक गोष्ट नेमकी रुंदीकरणाच्या रेषेत येते.

दुसरा आकडा पार्किंगचा. फ्लॅट किती आणि केवढे त्याप्रमाणे पार्किंग दाखवावंच लागतं, मग तळमजला पूर्ण स्टिल्ट (नुसते खांब आणि गाड्या), वर कधी एक-दोन मजले पोडियम (तेही पार्किंगचेच), म्हणजे माणूस राहतो तो पहिला मजला जमिनीपासून तीस-पस्तीस फूट वर. तिथून आजी भाजीवाल्याला हाक मारू शकत नाही. खाली गाड्या, त्यांच्यापुढे सात फुटी भिंत, गाडीचं एक गेट आत यायला, एक बाहेर जायला, दोन्हीकडे फुटपाथ तोडून केलेले उतार, आणि वॉचमनची केबिन. चौदाच्या चौदा सोसायट्यांनी असं केलं की गल्ली म्हणजे दोन भिंतींमधला बोगदा, रात्री नऊनंतर बाईमाणसाला चालायला नको वाटतं. आणि मग सगळे म्हणतात लाइट वाढवा. लाइटने काय होणार, बघणारे डोळेच तीस फूट वर गेलेत.

तर मग लोकांनी मिळून काही होतं का? होतं, आपल्याकडेच झालंय. दादरची पारशी कॉलनी घ्या. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्यांनी दादर-माटुंग्याची मोकळी जमीन प्लॉट पाडून वसवायला घेतली, आणि मंचेरजी जोशी नावाच्या इंजिनिअरने ट्रस्टच्या मागे लागून आपल्या समाजासाठी त्यातले शंभरावर प्लॉट मिळवले. पण माझ्या दृष्टीने त्यांचं मोठं काम प्लॉट मिळवण्याच्या पुढचं आहे, मधे बागा, शाळा, लायब्ररी, आणि रस्त्यारस्त्याला वेगवेगळ्या जातीची झाडं. आज शंभर वर्षांनी तिथल्या इमारती काही जागतिक दर्जाच्या वगैरे नाहीत, साध्याच आहेत, पण रस्त्यावर पाऊल ठेवलं की कळतं आपण कुठे आलोय. ते झाडांमुळे आणि बुटक्या कंपाऊंडांमुळे.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात भांडणं आहेत. मुंबईचा दादाभाई नौरोजी रोड, क्रॉफर्ड मार्केटकडून सीएसएमटीवरून हुतात्मा चौकापर्यंत जाणारा. दोन्ही बाजूंना दगडी इमारती आणि खाली सलग कमानी, उन्हापावसात त्यांच्याखालून चालत जाता यावं म्हणून केलेल्या. नव्वदच्या दशकात या कमानी दिसतच नव्हत्या, दुकानांच्या पाट्यांनी सगळं झाकलेलं, जो तो शेजाऱ्यापेक्षा मोठी पाटी लावणार. गंमत अशी की मुंबईत हेरिटेजचे नियम १९९५ पासून लागू होते, त्या बाबतीत मुंबई देशात पहिली. पण नियम आला म्हणून पाट्या उतरल्या नाहीत. त्या उतरल्या आभा लांबा या कॉन्झर्वेशन आर्किटेक्टने पुढाकार घेतला, पाट्यांच्या साध्या गाइडलाइन्स केल्या, आणि दुकानदारांशी, तिथल्या कंपन्यांशी बोलून बोलून त्या गळी उतरवल्या तेव्हा. पाटी कमानीच्या आत लावायची, खांब आणि दगडातलं कोरीवकाम झाकायचं नाही, एवढंच मुख्य. २००४ साली त्या कामाला युनेस्कोचा एक गौरवही मिळाला. हे कसं घडतं ते मी माझ्या छोट्या कामांत बघितलंय: पहिले चार दुकानदार तयार होईपर्यंत जीव जातो, आणि त्यांच्या पाट्या बदलल्या की पाचवा स्वतः फोन करतो, कारण आता त्याचीच पाटी भडक दिसायला लागलेली असते. लाज हे या धंद्यातलं फार मोठं साधन आहे, कुठल्याही नियमावलीत ते सापडणार नाही.

आणि उलटं उदाहरणही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल हेरिटेजचा दर्जा मागितला की झालं. २०१२ साली मुंबईत हेरिटेजची नवी यादी जाहीर झाली, त्यात शिवाजी पार्कचा परिसर घातला होता. विरोध कुणी केला? तिथल्याच रहिवाशांनी. जी माणसं शिवाजी पार्कवर जीव टाकतात त्यांनीच. कारण सरळ आहे, इमारती सत्तर-ऐंशी वर्षांच्या, गळतात, लिफ्ट नाही, घरात म्हातारी माणसं, आणि यादीत नाव आलं की रिडेव्हलपमेंट अडकेल ही भीती. ती भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. गल्लीचं रूप टिकवायचं म्हणून कुणाची लिफ्ट अडवणार असाल तर तुमचा प्लॅन पहिल्याच मिटिंगमध्ये मेला म्हणून समजा. म्हणून मी म्हणते इमारतीचा नाद सोडा, त्या पट्टीबद्दल बोला, तिच्यात कुणाचा एक स्क्वेअर फूटही जात नाही.

आता करायचं कसं. गल्लीचा मोठा नकाशा प्रिंट करा, सॅटेलाइटचा फोटो चालतो, ए-झिरो साइजला, कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे मिळतो, आणि तो क्लबहाऊसमध्ये न लावता कोपऱ्यावर टेबल टाकून तिथे ठेवा. क्लबहाऊसमध्ये त्याच त्या नऊ माणसांची मिटिंग होते, त्यातले सात रिटायर्ड. (रिटायर्ड लोकांबद्दल काही नाही माझं, त्यांच्याशिवाय कुठलंच काम पुढे सरकत नाही, पण त्यांना गल्ली सकाळी सहाची माहीत असते.) कोपऱ्यावर टेबल असलं की स्वयंपाकाच्या मावशी थांबतात, वॉचमन बोलतो, कचरा घ्यायला येणाऱ्या ताई सांगतात की या तीन सोसायट्यांची गेटं अशी आहेत की ढकलगाडी बाहेरच ठेवावी लागते. मुलं तर पेन घेऊन लगेच सुरू होतात. आणि एक फेरी संध्याकाळी साडेसातला काढा, फक्त बायकांची, आणि जिथे पाय आपोआप भरभर पडायला लागतात तिथे खडूने खूण करा. मी हे जिथे जिथे केलंय तिथे खुणा नेमक्या उंच बंद भिंतींपाशी आणि महावितरणच्या डीपीपाशी आल्यात.

भांडणं होणार. एका गल्लीत आमचं आख्खं काम एका बाकावर अडलं होतं, ज्येष्ठांना बाक हवा, आणि जिथे हवा तिथल्याच पहिल्या मजल्यावरचे काका म्हणे रात्री पोरं बसतील, सिगारेटी ओढतील, मला झोप लागणार नाही. दोघांचंही बरोबर. तीन मिटिंगा त्यात गेल्या. शेवटी आम्ही चार प्लास्टिकच्या खुर्च्या साखळीने बांधून पंधरा दिवस ठेवल्या, आधी त्यांच्या खिडकीखाली, मग इस्त्रीवाल्याशेजारी. इस्त्रीवाल्याकडे रात्री दहापर्यंत लाइट आणि माणूस असतो, पोरं तिकडे फिरकलीच नाहीत, आणि ज्येष्ठांना गप्पांना एक गिऱ्हाईक मिळालं. बाक तिथे बसला. कागदावर हे आम्हाला कधीच सुचलं नसतं, म्हणून कुठलीही गोष्ट सिमेंटमध्ये करायच्या आधी चुन्याने आखून, कुंड्या-खुर्च्या ठेवून बघा. महापालिकेनेही लक्ष्मी रोडवर हेच केलं, ११ डिसेंबर २०२१ ला एक दिवस गरुड गणपती ते नगरकर तालीम चौकापर्यंत गाड्या बंद ठेवून रस्ता चालणाऱ्यांना दिला. एका दिवसाने काय होतं म्हणाल, पण त्या दिवशी लोक लक्ष्मी रोडच्या मधोमध उभे राहून वरच्या बाल्कन्या बघत होते, एरवी तिथे मान वर करायची सोय नाही.

मग येतो कागद. प्लॅन म्हणजे शंभर पानी रिपोर्ट नको, दोन पानांचा करारनामा करा आणि चौदाही सोसायट्यांच्या जनरल बॉडीत ठराव करून घ्या. त्यात काय असावं? कंपाऊंडची भिंत सगळ्यात आधी. नियमावल्यांत भिंतीला दीड मीटरची मर्यादा पूर्वीपासून आहे, त्याहून उंच हवी तर वरचे नव्वद सेंटिमीटर जाळी किंवा ग्रिल, आरपार दिसेल असं. म्हणजे सात फुटी बंद भिंत मुळात चालतच नाही, पण बघतो कोण. तुम्ही त्याहून खाली या, तीन फूट भिंत आणि वर ग्रिल, त्यावर वेल सोडा. दुसरं, गाडीचं गेट एकच, आणि फुटपाथ गेटपाशी तुटणार नाही, गाडीने चढून उतरायचं, माणसाने नाही. तिसरं, समोरच्या मार्जिनमध्ये मोठी होणारी देशी झाडं, त्यांच्या बुंध्याभोवती माती मोकळी. पेव्हर ब्लॉक झाडाच्या गळ्याला फास लावल्यासारखे बसवतात ते बघून मला त्रास होतो, पुण्यात पेव्हर ब्लॉकवर एक स्वतंत्र शोकसभा घ्यायला हवी. बाकी पाट्या, एसीची युनिटं रस्त्याच्या बाजूला नकोत, भगभगीत पांढरे हॅलोजन नकोत, हे ओघाने येईल, त्यावर जास्त भांडत बसू नका.

आणि हा कागद वापरायची जागा कुठली? हे कुणी सांगत नाही म्हणून नीट वाचा. बिल्डरशी डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट होतं तेव्हा. रिडेव्हलपमेंटची जी पद्धत सहकार खात्याने सहकार कायद्याच्या ७९अ कलमाखाली घालून दिलीय, सुधारित जीआर ४ जुलै २०१९ चा, त्यात सोसायटी पीएमसी नेमते, टेंडर काढते, मग बिल्डर निवडते. (पीएमसी म्हणजे इथे महापालिका नव्हे, प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट, या एका घोळावर मी अर्धा तास चर्चा ऐकलीय.) टेंडर निघेपर्यंत तुमच्या हातात सगळं असतं, सह्या झाल्या की काही नसतं. लोक त्या वेळी किती टक्के एरिया वाढवून, भाडं किती, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) किती यावर महिनोन्‌महिने घासाघीस करतात, आणि समोरच्या भिंतीबद्दल एक ओळ नसते. टेंडरच्या अटींमध्येच ते दोन पानांचं परिशिष्ट जोडून टाका. बिल्डरला याचा खर्च जवळपास काहीच नाही, बुटकी भिंत उंच भिंतीपेक्षा स्वस्तच पडते, आजपर्यंत एकाही बिल्डरने यावरून माझ्याशी फारसं भांडण केलेलं नाही, तो एफएसआयवर भांडतो. पाच सोसायट्या निघाल्यात म्हणता ना, त्यातल्या ज्यांचं टेंडर अजून निघालेलं नाही त्यांना या आठवड्यातच गाठा. ज्यांच्या सह्या झाल्यात त्यांच्या बिल्डरला चहाला बोलवा, बघा काय होतं ते.

महापालिकेच्या बाजूचं थोडक्यात. रस्ता, फुटपाथ, लाइट त्यांचं, आणि तिथे पैसे मागायला पुण्यात चांगली सोय आहे, २००६-०७ पासून नागरिकांना बजेटमध्ये कामं सुचवता येतात, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, एका कामाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा असते, तेव्हा मोठं काम मागू नका, दोन गेटांमधला फुटपाथ सलग करा असं मोजकं मागा, स्केच आणि फोटो जोडून. २०१६ च्या रस्ते डिझाइनच्या गाइडलाइन्सचा हवाला द्या, जंगली महाराज रोडचे नवे फुटपाथ त्याच विचारातून झालेत. तिथे संध्याकाळी आजोबा आणि कॉलेजची पोरं शेजारी शेजारी बसलेली दिसतात, रस्ता जमला की नाही याची माझी परीक्षा तेवढीच.

विकास आराखड्यावर हरकती घ्यायच्या असतील तर तेही करा, पण त्यावर फार भिस्त नको. २०१३ मध्ये पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या, त्यातल्या किती तरी एकाच मसुद्याच्या झेरॉक्स. सुनावणीला माणसाला मिळतात दोन-चार मिनिटं. मुंबईत मात्र २०१५ चा मसुदा लोकांच्या ओरड्याने खरंच मागे घ्यावा लागला, आणि गोव्यात त्याच्याही आधी, २००७ मध्ये, रीजनल प्लॅन रद्द झाला, मग आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया ज्यात होते असा टास्क फोर्स नेमून गावागावाच्या पंचायतीत नकाशे पाठवले गेले. पण ही शहराची, राज्याची लढाई आहे, तिला वर्षं लागतात. तुमच्या गल्लीकडे वर्षं नाहीत, पाच टेंडरं आहेत.

दोन गोष्टी राहिल्या. एक, फेरीवाले. गल्लीचा प्लॅन म्हटलं की कुणीतरी म्हणतंच, आधी तो भाजीवाला उठवा. २०१४ च्या कायद्याप्रमाणे फेरीवाल्याला असं उठवता येत नाही हा एक भाग, आणि गल्लीवर दिवसभर नजर ठेवणारा तो एकटाच माणूस उरलाय हा दुसरा. त्याला नकाशात जागा द्या, सावली द्या, कचऱ्याचा डबा द्या आणि सांगा की या रेषेच्या बाहेर यायचं नाही. तो पाळतो, गाडीवाल्यांपेक्षा जास्त पाळतो.

दुसरं, मंडळ. तुमच्या गल्लीत गणपतीचा मांडव पडतो का मला माहीत नाही, पण पडत असेल तर मंडळाच्या पोरांना पहिल्या दिवसापासून टेबलावर बसवा. एका ठिकाणी आम्ही सुरेख फुटपाथ केला, बेसाल्टचे दगड, मधे गाड्या अडवायला बोलार्ड म्हणजे बुटके खांब, आणि भाद्रपदात पहिल्याच वर्षी मांडवाच्या खांबांसाठी पहारीने सोळा खड्डे पडले. चूक आमची होती, मांडव तिथे चाळीस वर्षं पडत होता आणि आमच्या ड्रॉइंगमध्ये तो नव्हताच. नंतर पोरांनीच जागा दाखवल्या, आम्ही त्या जागी लोखंडी पाइपचे सॉकेट झाकणासकट बसवून दिले, आता खांब त्यात उभे राहतात, एक दगड हलत नाही. उलट दुसऱ्या वर्षी फुटपाथवर बाइक लावणाऱ्यांना हाकलायचं काम त्याच पोरांनी अंगावर घेतलं.

मिटिंगची वेळ विचाराल तर पितृपक्ष. थट्टा नाही करत. त्या पंधरवड्यात लग्नं नाहीत, खरेदी नाही, ट्रिपा कमी, माणसं घरी सापडतात, आणि नवं काम सुरू करायचं नाही असं कुणी म्हणालं तर सांगा, सुरू कुठे करतोय, नुसता नकाशा पसरतोय. फक्त ज्या सोसायट्यांची टेंडरं तोंडावर आलीत त्यांच्यासाठी तोवर थांबू नका, त्यांचं परिशिष्ट आत्ताच लिहायला घ्या, पहिली ओळ भिंतीच्या उंचीची.